गारपिटीनंतर मजुराला काय मिळतं? हेक्टर आणि दिवसांचा हिशोब, सोप्या भाषेत

गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोबाईलवर फोटो फिरायला लागतात, द्राक्षाचे फुटलेले मणी, पानं झडून नुसत्या काड्या उरलेली बाग, वाफ्यात पाण्याखाली गेलेला कांदा. मग नेत्यांचे दौरे, मग पंचनामे, मग काही महिन्यांनी यादी लागते आणि आपलं नाव आहे का बघायला गर्दी होते. या सगळ्यात एक प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, तो म्हणजे त्या बागेत रोज सकाळी पिकअपमधून उतरून कामाला येणारी जी पंधरा-वीस माणसं होती त्यांचं काय, त्यांना सरकारकडून काही मिळतं की नाही.

सरळ उत्तर असं की पिकाच्या नुकसानीचे जे पैसे येतात त्यातून त्यांना काहीच मिळत नाही. पण बाकी काही गोष्टी आहेत ज्यांना सातबारा लागत नाही, त्या मागता येतात आणि बऱ्याच मजुरांना त्या माहीतच नसतात. आणि एक गोष्ट अशी आहे की जी केंद्राच्या नियमात स्पष्ट लिहिलेली आहे पण आपल्याकडे गारपिटीनंतर तिची मागणी फारशी ऐकू येत नाही. त्या सगळ्याबद्दलच लिहितोय, जरा लांबेल.

आधी हे बघू की गारपिटीनं मजुराचं नेमकं जातं काय. बरेच जण म्हणतात पीक शेतकऱ्याचं गेलं, मजूर काय, आज इथे नाही तर उद्या तिथे. हे नाशिक जिल्ह्यात तरी खरं नाही. द्राक्षाच्या बागेला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की तिथून माल निघेपर्यंत मजुराला काम म्हणजे काम असतं, पेस्ट लावणं, फेलफूट काढणं, शेंडे मारणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), एक्सपोर्टचा माल असेल तर घडांना पेपर लावणं, मग जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी आणि पॅकिंग. त्याच काळात लाल कांद्याची काढणी, मग डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड. सुरगाणा, पेठ, हरसूल, पलीकडे गुजरातच्या डांगातली माणसं आपलं भात-नागलीचं काम उरकून याच दिवसांत निफाड-दिंडोरी-पिंपळगावकडे उतरतात आणि होळीला घरी जातात. म्हणजे वर्षभराची रोकड कमाई याच चार-पाच महिन्यांत व्हायची असते.

आता २६ नोव्हेंबर २०२३ आठवा, रविवार होता, निफाड आणि आजूबाजूच्या पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या. कुठे बाग फुलोऱ्यात होती, कुठे मणी धरलेले, म्हणजे हंगाम जेमतेम सुरू झालेला. अशी बाग गेली की शेतकऱ्याचा झालेला खर्च जातो आणि येणारं उत्पन्नही जातं. मजुराचा खर्च काही झालेला नसतो म्हणून त्याचं नुकसान दिसत नाही, पण पुढचं थिनिंग, पुढची डिपिंग, पुढची तोडणी ही सगळी कामं त्या एका दुपारी रद्द झालेली असतात, आणि ते त्याला कोणी येऊन सांगत नाही, हळूहळू कळतं.

हळूहळू अशासाठी की गारपिटीनंतर पहिला आठवडा उलट काम वाढतं. फुटलेले मणी काढा, बुरशी यायच्या आत फवारण्या करा, सडका कांदा निवडून बाजूला काढा, मोडलेल्या तारा-अँगल उचला. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं मजुरांचं बरं चाललंय. मग एकेक बागायतदार हिशोब करतो की या बागेवर आता अजून खर्च करण्यात अर्थ नाही, आणि मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला फोन जातो की उद्यापासून नको. चार गावांतून एकाच वेळी असे फोन गेले की सगळ्या टोळ्या उरलेल्या थोड्याशा कामावर येऊन पडतात, नाक्यावर माणसं जास्त आणि गाड्या कमी, मग मजुरीचा दर खाली येतो. सगळ्यात आधी कमी होतात त्या बायका, कारण जड कामाला गडी ठेवतात आणि निवडण-निंदणीचं काम पुढे ढकललं जातं.

त्यात ज्यांनी उचल घेतलेली असते त्यांचं अजून वेगळं. पावसाळ्यात घरात धान्य नव्हतं तेव्हा मुकादमाकडून किंवा मळेवाल्याकडून पैसे घेतले, ते हंगामात कामातून फेडायचे असं ठरलेलं. आता कामच नाही म्हटल्यावर उचल तशीच राहते आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे, तो देईल त्या भावात, कामाला जावं लागतं. म्हणजे या वर्षीच्या गारा पुढच्या वर्षीच्या मजुरीतूनही कापून घेतात. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात नसतं.

पंचनामा कसा होतो ते माहीत असेल तर हे का होतं ते लगेच समजतं. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं मिळून जातात. त्यांच्या फॉर्मात गट नंबर असतो, खातेदाराचं नाव, पीक, क्षेत्र आणि किती टक्के नुकसान. ई-पीक पाहणीला काय नोंद आहे ती बघतात. ३३ टक्के किंवा त्यापेक्षा जास्त नुकसान असेल तर तो गट मदतीला पात्र. यादी तहसीलला जाते, वर जाते, मंजुरी येते, मग खातेदाराच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात पैसे. या अख्ख्या साखळीत माणसाची ओळख पटते ती जमिनीवरून. ज्याच्या नावावर गट नाही तो या सिस्टीमला दिसतच नाही, त्याला मुद्दाम वगळलेलं नसतं, त्याच्यासाठी रकानाच नसतो.

हे पैसे येतात राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, आपण बोलताना एसडीआरएफ म्हणतो ते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, त्याखाली हा निधी, महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. कशाला किती द्यायचं याचे निकष केंद्र ठरवून देतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, द्राक्ष-डाळिंबासारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि मर्यादा दोन हेक्टर. राज्याने १ जानेवारी २०२४ च्या जीआरने स्वतःची भर घालून ते १३,६००, २७,००० आणि ३६,००० केलं होतं, तीन हेक्टरपर्यंत. २०२५ मध्ये परत जुन्या दरावर आलं, मग त्या वर्षी सप्टेंबरच्या महापुरानंतर ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टर आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे. आकडे असे वर-खाली होत राहतात, त्यात अडकायला नको.

लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. नियमात याला नुकसानभरपाई म्हटलेलंच नाही, हे निविष्ठा अनुदान आहे, म्हणजे पुढच्या पिकाला बी-खत-औषध घेता यावं म्हणून दिलेला हातभार. द्राक्षाच्या एकरी खर्चापुढे २२,५०० म्हणजे काहीच नाही हे कुठलाही बागायतदार सांगेल आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून मजुरांचा विषय काढला की "आधी शेतकऱ्यालाच पुरेना" असं जे लगेच येतं ते मला समजतं, पण मजुराला शेतकऱ्याच्या वाट्यातून द्या असं कोणी म्हणतच नाहीये. मजुराचा खर्च बियाण्यात बसत नाही, तो वेगळ्याच ठिकाणी बसतो.

ते ठिकाण त्याच निकषांच्या तक्त्यात आहे, बरंच वर, पिकांच्या आधी. ज्या कुटुंबांची उपजीविका आपत्तीमुळे गंभीरपणे बाधित झाली आहे त्यांना सानुग्रह मदत, अशी ओळ आहे. पूर्वी यात प्रौढाला दिवसाला ६० रुपये आणि मुलाला ४५ असा दर होता, म्हणजे चहा-बिस्किटाचे पैसे. २०२२ च्या निकषांत ते बदललं, आता कुटुंबातल्या दोन प्रौढांना राज्याच्या रोजगार हमीच्या मजुरीइतका दर, दर दिवसाला. मुदत ३० दिवस, गरज असेल तर ६० पर्यंत, आणि दुष्काळ किंवा कीड असेल तर ९० पर्यंत. कुटुंब मदत छावणीत राहत नसावं, आणि लाभार्थी कोणत्या आधारावर निवडले ते राज्याने जिल्हावार सांगावं, अशा अटी. जमिनीची अट नाही. सातबाऱ्याचा उल्लेखच नाही.

गणित करून बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा रोहयोचा, म्हणजे रोजगार हमीचा, दर ३१२ रुपये होता. दोन माणसं म्हणजे दिवसाला ६२४, तीस दिवसांचे १८,७२०. डोंगराकडून उतरलेल्या नवरा-बायकोला जानेवारीत हे मिळाले तर उचलीवर उचल न घेता होळीपर्यंत निभतं.

मग मिळत का नाही? कारण हेक्टरची यादी करायला तलाठ्याकडे रजिस्टर तयार आहे, उपजीविका गेलेल्यांची यादी करायला कोणाकडेच काही तयार नाही. "तुमचा रोज बुडाला हे कशावरून" याचा पुरावा काय घ्यायचा हे राज्याने आधी ठरवायला लागतं, किती दिवस द्यायचे ते मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य कार्यकारी समिती ठरवते, आणि वरून हे ठरलं नाही की तहसीलदार काय करणार. शिवाय खोट्या नावांची भीती, ती खोटी नाही, पण ती भीती पीक पंचनाम्यातही असते आणि तरी पंचनामे होतातच.

दुसरीकडे हे झालेलं आहे. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला मुंडक्कई-चूरलमलाची दरड कोसळली, तिथे चहाच्या मळ्यात काम करणारी कुटुंबं भरपूर. केरळ सरकारने उपजीविका गेलेल्या कुटुंबांतल्या दोन प्रौढांपर्यंत प्रत्येकी रोज ३०० रुपये, ३० दिवस, असं जाहीर केलं. आता दरडीत अख्खी वस्ती गेली आणि गारपिटीत बाग गेली यात फरक आहेच, पण मुद्दा एवढाच की दिवसाच्या हिशोबाने, जमीन न विचारता पैसे देणं ही हवेतली कल्पना नाहीये. आणि गारपीट तर केंद्राच्या आपत्तींच्या यादीत सरळ आहे. अवकाळी पाऊस आणि वीज पडणं त्या यादीत नाही, ते महाराष्ट्राने राज्याची आपत्ती म्हणून वेगळं जाहीर केलेलं आहे, त्यासाठी राज्याला या निधीतले १० टक्क्यांपर्यंत वापरता येतात.

इथे जरा थांबून एक आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्वतःची शेती करणारे साधारण १ कोटी २६ लाख आणि शेतमजूर १ कोटी ३५ लाख. म्हणजे शेतीत राबणाऱ्यांत मजूर जास्त होते, पंधरा वर्षांपूर्वीच. आणि केंद्राचं २००७ चं राष्ट्रीय शेतकरी धोरण आहे, डॉ. स्वामिनाथन यांच्या आयोगाच्या शिफारशींवर आलेलं, त्यात शेतकरी कोणाला म्हणायचं याच्या व्याख्येत शेतमजूर, वाटेकरी, कूळ सगळे घेतलेले आहेत. कागदावर आहे हो. पंचनाम्याच्या फॉर्मपर्यंत ती व्याख्या अजून पोचायची आहे. गंमत बघा, तोच कांदा लासलगावच्या मार्केटमध्ये गेला की तो उचलणाऱ्या नोंदणीकृत हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याचं छत्र आहे, मंडळ आहे, पीएफ आहे. तोच कांदा वावरातून काढणाऱ्या बाईला मंडळ नाही की रजिस्टर नाही. रजिस्टर नसल्यामुळे आपत्तीतही तिला शोधायचं कुठे हा प्रश्न पडतो.

बरं, हे झालं जे मिळायला पाहिजे त्याचं. आता जे आज मागता येतं ते.

वीज पडून, पुरात वाहून, वादळात झाड किंवा शेड अंगावर पडून मृत्यू झाला तर वारसांना ४ लाख रुपये. इथे शेतकरी-मजूर भेद नाही, गावचा-परगावचा भेद नाही. पण पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन झालेलं पाहिजे. मजूर परगावचा असला की घरचे घाईने प्रेत गाडीत घालून गावी नेतात आणि अंत्यविधी उरकतात, मग कागद काहीच राहत नाही आणि केस अडकते. कितीही अवघड वाटलं तरी आधी तहसीलला कळवायचं, ज्या तालुक्यात घटना घडली त्या तालुक्याच्या, गावाकडच्या नाही. जखमी होऊन आठवड्यापेक्षा जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर १६,०००, त्याहून कमी असेल तर ५,४००, कायमचं अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे ७४,००० किंवा अडीच लाख. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं.

वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी नावाचं अॅप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, मुकादमाच्या फोनमध्ये तरी ते असावं. टोळीत एका माणसाकडे असलं तरी पुरे.

राहत्या झोपडीचं नुकसान झालं तर झोपडीला ८,०००. यात प्लास्टिकचा कागद टाकलेली, कुडाची, गवताची झोपडीही धरतात. घर पूर्ण गेलं किंवा पाण्यात बुडालं असेल तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५०० वेगळे. शेळी मेली तर एका शेळीला ४,०००, दुभत्या गायी-म्हशीला ३७,५००. शेळ्या बहुतेक मजुरांकडे असतात आणि त्यांचा पंचनामा जवळजवळ कोणी करून घेत नाही, मेलेली शेळी त्याच दिवशी पुरून टाकतात. पशुधन अधिकाऱ्याला फोन करा, निदान फोटो तरी काढा, आजूबाजूचं ओळखता येईल असा.

एक घोळ नेहमी होतो तो सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, मृत्यूला २ लाख, ही खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर त्यात बसत नाही, त्याच्यासाठी फाईल करण्यात महिने घालवू नका. त्याऐवजी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून ठेवायचा, वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यूही त्यात धरतात. वरच्या ४ लाखांशी याचा काही संबंध नाही, दोन्ही मिळतात. फक्त मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये शिल्लक पाहिजेत, नाहीतर पॉलिसी गुपचूप बंद पडते, आणि मेच्या शेवटी मजुराच्या खात्यात २० रुपये नसणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

आता रोजगार हमी. ही तर आपली, महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावावर गेली, वि. स. पागे यांची ही कल्पना, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. केंद्राचा कायदा, म्हणजे मनरेगा, त्यानंतर २००५ ला आला. म्हणजे अस्मानी संकटात मजुराला काम द्यायचं सरकारने हे डोकं आपल्या राज्याने देशाला दिलं, आणि आज गारपीट झाली की रोहयो कोणाला आठवत नाही.

मनरेगात काम मागायचं असतं, ते आपोआप मिळत नाही हे मुख्य. नमुना ४ चा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारीख टाकलेली पोच घ्यायची, पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. १५ दिवसांत काम द्यायलाच पाहिजे, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा. भत्ता हातात पडेलच असं नाही, पण पाच-पन्नास जणांचे पोचसहित अर्ज असले की तालुक्याला काम काढावंच लागतं, कारण भत्त्याचा भार राज्यावर येतो. अडचण अशी की जॉबकार्ड सुरगाण्याच्या गावचं आणि माणूस निफाडच्या मळ्यात. काम गावीच मागता येणार. म्हणजे हंगाम बुडाला हे लवकर ओळखून परत जायला हवं, आणि उचल अंगावर असलेल्याला परत जाऊ देतात का हा त्याच्या पुढचा प्रश्न. मजुरी आधारवर येते, दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटोची हजेरी, डोंगरात रेंज नाही, हे सगळं आहेच.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केलाय, विकसित भारत जी राम जी या नावाचा. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद आहे, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. नेहमीच्या वर्षी ठीक. पण गारा पडतात त्या हंगामातच, आणि नेमक्या त्या बंदच्या दिवसांत बागेत काम नसेल तर मजूर दोन्हीकडून अडकला. हे दिवस ठरवताना नाशिकसारख्या जिल्ह्यात आपत्ती आली की बंद उठवायचा, हे आधीच लिहून घेतलं पाहिजे, नंतर भांडून काही होत नाही.

वाट्याने किंवा खंडाने करणाऱ्याचं त्रांगडं वेगळंच, तो अर्धा शेतकरी अर्धा मजूर. पीक त्याने लावलं, खर्च त्याचा, पैसे येतात ते सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात, आणि मालक नाशिकला फ्लॅटमध्ये. चांगला असला तर निम्मे देतो. पीकविम्यात कूळ आणि वाटेकऱ्यालाही भाग घेता येतो पण नोंदणी केलेला करार लागतो आणि मालक करार करायला घाबरतो की कुळाचा हक्क लागेल. त्यामुळे तोंडी व्यवहार. सालदाराचं तुलनेने बरं, त्याचं वर्षाचं ठरलेलं असतं, निदान पोटापुरतं चालू राहतं.

मग करता काय येईल? काही राज्यांनी मजुरांना थेट पैसे द्यायला सुरुवात केलीय. छत्तीसगडमध्ये भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला आता वर्षाला १०,०००, तेलंगणाने जानेवारी २०२५ पासून १२,००० ची योजना आणली, अट अशी की रोहयोवर निदान २० दिवस काम केलेलं असावं. या आपत्तीच्या योजना नाहीत, पण यातून एक गोष्ट झाली, मजुरांची यादी तयार झाली. एकदा यादी असली की गारपिटीनंतर पैसे टाकायला बटण दाबायचं काम उरतं.

आपल्याकडेही असं अगदीच झालं नाही असं नाही. कोरोनात आदिवासी विकास विभागाने खावटी योजना परत सुरू केली, कुटुंबाला ४,०००, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा. त्यात रोहयोवर एक दिवस जरी काम केलेलं असेल तरी आदिवासी मजूर पात्र धरला होता. किराण्याच्या वाटपाला किती उशीर झाला तो भाग सोडा, पण पुरावा म्हणून रोहयोचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, चालतं हे आपल्याच राज्याने मान्य केलेलं आहे, आणि आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे.

दुसरा रस्ता हवामान केंद्रांचा. आता महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) पातळीवर पावसाची नोंद होते, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात, त्यावर पंचनाम्याचे आदेश निघतात. सेवा या महिलांच्या संघटनेने २०२३ पासून उन्हाचा विमा असाच चालवलाय, पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की बाईच्या खात्यात पैसे, पंचनामा नाही, नुकसान सिद्ध करणं नाही. मजुरांसाठी हे बरोबर बसतं कारण त्यांचं नुकसान मोजायला वावरात काही उरलेलंच नसतं. गारा मात्र पावसाच्या मापात सापडत नाहीत आणि गारांचा पट्टाही अरुंद असतो, एका शिवारात झोडपून काढतात आणि शेजारच्या शिवारात नुसता पाऊस, त्यामुळे निव्वळ यंत्रावर भागणार नाही. पण पीक पंचनामा तर होतोच ना. ज्या मंडळात अमुक इतक्या हेक्टर द्राक्षबागेचं ३३ टक्क्यांवर नुकसान नोंदलं गेलं त्या मंडळात मजुरीचे दिवस बुडालेच, हे वेगळं सिद्ध करायची गरज काय? एक एकर बागेला छाटणीपासून तोडणीपर्यंत किती माणूसदिवस लागतात हे कुठलाही मुकादम तोंडपाठ सांगेल, कृषी विद्यापीठाकडे उत्पादन खर्चाचे तक्तेही असतात. पंचनाम्यातल्या हेक्टरला त्याने गुणायचं, बुडालेले दिवस निघतात.

परगावच्या मजुराचा प्रश्न तरी राहतोच, कारण दिवस बुडाले निफाडला आणि रेशनकार्ड पेठचं. दोन्ही टोकांना नाव लिहिलं तरच हे जमेल. रेशन तरी एक देश एक कार्डमुळे निफाडच्या दुकानात मिळतं, मिळत नसेल तर पुरवठा विभागात तक्रार करा, दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणाला तर ते चुकीचं आहे.

आणि ही नावं लिहायला वरून आदेश यायची वाट बघायची गरज नाही. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा; पेठ, सुरगाणा, कळवण हे पेसाचे तालुके, दिंडोरी, त्र्यंबकसारख्या तालुक्यांतली कितीतरी गावंही पेसात, आणि गरिबांसाठीच्या योजनांचे लाभार्थी कोण हे ठरवायचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे. गारपीट झाली की आठवड्याच्या आत ग्रामसभा लावा, ठरावात कुटुंबाचं नाव, जॉबकार्ड नंबर, ई-श्रम (असंघटित कामगारांची नोंदणी) नंबर असेल तर तो, कोणत्या गावात कोणत्या मळ्यात कामाला होते, कोणत्या तारखेपासून काम बंद, असे रकाने करा, आणि शक्य असेल तिथे बागायतदाराची किंवा मुकादमाची सही घ्या. बहुतेक बागायतदार देतात सही, त्यांच्या खिशातून काही जात नाही. मागणी एकाच वाक्याची ठेवा, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतली उपजीविका बाधित कुटुंबांची सानुग्रह मदत या कुटुंबांना ३० दिवसांसाठी मिळावी. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात, आणि एक मुंबईला मदत व पुनर्वसन विभागाला. तिन्हीवर आवक नंबर घ्या. आवक नंबर मिळाला की महिनाभराने माहिती अधिकारात विचारता येतं की या ठरावाचं पुढे काय झालं, आणि त्याचं लेखी उत्तर द्यावंच लागतं.